बाई मोठ्यानं वाचतात

परंड्याच्या वाचनालयात वायफाय आलं, तेव्हा राजेश्वरीबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. तरी गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांनाच येऊन सांगितलं, की बाई, तुमच्या वाचनालयात इंटरनेट आलं. बाईंनीही ‘आता ते माझं नाही’ असं कधी म्हटलं नाही. एकतीस वर्षं ज्या इमारतीचं कुलूप आपण उघडलं आणि आपणच लावलं, ती पगार थांबला म्हणून परकी होते थोडीच.

इमारत वाचनालयासाठी बांधलेली नव्हती. निजामाच्या राज्यात तिथं करोडगिरीचं नाकं होतं. बार्शीकडं इंग्रजांचा मुलूख, अलीकडं निजामाचा, आणि इकडून तिकडं जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची ती इथं. जप्त केलेला माल ठेवायला मागच्या अंगाला जाड भिंतींची एक खोली, तिच्या दाराला लोखंडी पत्रा ठोकलेला. पुढं लांबच लांब दालन, आणि रस्त्याच्या बाजूनं दगडी वट्टा. नाकं गेलं, राज्य गेलं, दालनात टेबलं आली आणि जप्तीच्या खोलीत पुस्तकं.

बाई सहा-सात वर्षांच्या असताना याच छपरावर एक कर्णा बसवलेला होता. त्यांच्या अवतीभवती रेडिओ म्हणजे वाचनालयाचा रेडिओ, दुसरा त्यांना माहीत नव्हता. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला वट्ट्यावर, पायऱ्यांवर, समोरच्या लिंबाखाली माणसं येऊन बसायची. शेतातून परस्पर आलेली, पायाला माती तशीच. आत कोणी यायचं नाही. बातम्या संपल्या की हवामान ऐकायचं, धोतर झटकायचं आणि घरी जायचं. म्हणून वायफाय आल्यावर पोरं वाचनालयाच्या पायऱ्यांवर मोबाईल घेऊन बसायला लागली आणि कार्यकारिणीतल्या एक-दोघांनी कुरकुर केली, तेव्हा बाई म्हणाल्या की रेडिओ ऐकायला येणाऱ्यांनी तरी पुस्तकं कुठं नेली होती? माणूस वट्ट्यापर्यंत आला, हे काय कमी झालं?

पण त्याच वायफायची गरज आपल्याला लागेल, आणि तीही अशी हातघाईची, असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

झालं असं. पुण्यातल्या एका संस्थेनं जुन्या मोडी कागदांचे फोटो काढून ठेवले होते. त्यात परंड्याच्या आसपासच्या गावांचे गठ्ठे निघाले. ते वाचून साध्या अक्षरांत उतरवून देणारी माणसं संस्थेला हवी होती, आणि शक्यतो त्याच भागातली, कारण गावांची नावं, आडनावं, शिवारांची नावं बाहेरच्या माणसाला लागत नाहीत. बाईंची लेक पुण्यात. तिनं ती जाहिरात पाठवली, सोबत एक टॅब पाठवला, आणि फोनवर सांगितलं की आई, परीक्षा आहे, पण व्हिडिओवर आहे. एक पान पडद्यावर दाखवतात, ते तिथल्या तिथं वाचून दाखवायचं.

परीक्षेला बाई भ्यायल्या नाहीत. मोडी त्यांना वडिलांनी शिकवली होती. ते, मल्लिनाथअप्पा, पटवाऱ्याच्या हाताखाली कारकून होते. पोरीला पुढ्यात बसवून रद्दीत निघालेले कागद वाचायला लावायचे. अप्पांच्या मागं परंड्यात मोडी वाचणारं दुसरं कोणी बाईंना माहीत नव्हतं. पूर्वी कोणी कोणी जुना कागद घेऊन यायचे, बाई वाचून द्यायच्या. मग तेही थांबलं. गेल्या दहा-बारा वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. आपल्याला जे येतं ते कोणाला लागतच नाही, हे दुखणं बाईंनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. पण जाहिरात आली त्या दिवशी त्यांनी रात्रीच्या भाकरीला दोनदा मीठ घातलं.

पहिली परीक्षा त्यांनी घरातूनच दिली, म्हणजे द्यायला बसल्या. किल्ल्याच्या अंगाला त्यांची गल्ली. तिथं फोनवर बोलणं कसंबसं होतं, व्हिडिओ टिकत नाही. दुसऱ्या ओळीला पडदा थिजला, तिसऱ्या ओळीला काळा झाला. संस्थेचं पत्र आलं, सभ्य शब्दांत लिहिलेलं: तांत्रिक अडचण समजू शकतो, आणखी एक संधी देत आहोत, यानंतर मात्र यादी बंद होईल. पुढच्या आठवड्यातला दिवस आणि संध्याकाळी पाचची वेळ दिली होती.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं, टॅब पिशवीत घातला आणि वाचनालयात गेल्या.

आता तिथं ग्रंथपाल होता उत्तरेश्वर. बाईंच्या हाताखाली शिपाई म्हणून लागला होता, तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. आता कानावरचे केस पांढरे झाले तरी बाई दारात दिसल्या की उठून उभा राहायचा. त्यानं आधी नोंदवही पुढं केली, कारण वायफाय वापरणाऱ्यानं नाव, वेळ आणि सही करायची असा नियम होता आणि बाईंना नियमातून सूट दिलेली आवडणार नाही हे त्याला माहीत होतं. मग टेबलाच्या काचेखालचा पासवर्ड दाखवला. मग अडचण ऐकून घेतली आणि म्हणाला, बाई, सोपं आहे, पाच वाजता अर्धा तास दालन रिकामं करतो.

दालनात तेव्हा सतरा-अठरा पोरंपोरी बसलेली होती. कोणाचं पोलीस भरतीचं चाललेलं, कोणाचं तलाठ्याचं. पुस्तकात बोटं घालून, ओठ मिटून.

“त्यांचीही परीक्षा त्याच आठवड्यात रविवारी आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्या परीक्षेसाठी त्यांनी का उठायचं?”

“मग दालनातच बसून वाचा की. तुम्हाला कोण काय म्हणणार हाय?”

“तेच तर. मला कोणी काही म्हणणार नाही, म्हणूनच नको.”

दालनातला शांततेचा नियम बाईंचा होता, आणि तो त्यांनी कसा पाळून घेतला होता याच्या गोष्टी गावात अजून सांगत. एकदा एका पुढाऱ्याला त्यांनी, तुमचं भाषण चौकात, इथं नाही, असं सांगून बाहेर काढलं होतं. आणि गुंडप्पाचं तर सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गुंडप्पा म्हणजे बैलांचे दलाल. पंचक्रोशीतल्या बाजारांत त्यांनी बैलाच्या जबड्यात हात घालून दात बघितले की घेणारा आणि देणारा दोघेही त्यांचा शब्द मानत. अक्षरं त्यांना चाळिशीपर्यंत येत नव्हती. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा शिकले, आणि मग असे लागले वाचायला, की रोज चार वाजता वर्तमानपत्रासाठी हजर. पण त्यांना मनात वाचता यायचं नाही. ओळीवर बोट ठेवून, ठणठणीत आवाजात, बाजारात बोली सांगावी तसे ते बातम्या वाचायचे. बाईंनी चार वेळा सांगितलं, गुंडप्पा, मनात वाचा. ते म्हणाले, मनात वाचलं की मनातच राहतंय बाई, कळत काय न्हाय. पाचव्या दिवशी बाईंनी त्यांची खुर्ची उचलून वट्ट्यावर नेऊन ठेवली. त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. खुर्ची दोनदा बदलली, जागा बदलली नाही. कोणी विचारलं, गुंडप्पा, आत का बसत नाही, तर गुंडप्पा सांगायचे, मला सरकारनं तडीपार केलंय, आणि आत बाईंकडं बोट दाखवायचे. बाई निवृत्त झाल्या तरी ते बाहेरच बसत होते.

तर दालन नको, वट्ट्यावर रस्त्याचा गलबला. राहिली जप्तीची खोली. बाईंनी टॅब घेऊन आत जाऊन बघितलं. पुस्तकांच्या लोखंडी घोड्यांमधून, अगदी मागच्या भिंतीपर्यंत वायफायच्या रेघा दिसत होत्या. एक स्टूल ओढलं, टॅब टेकवायला कोशाचे दोन जाड खंड घेतले, आणि जागा पक्की झाली. दार लावून घेतलं की आपला आवाज बाहेर जाणार नाही. बाई समाधानानं घरी गेल्या. फक्त दार लावून त्यांनी बघितलं नव्हतं.

परीक्षेचा दिवस नेमका आठवडी बाजाराचा निघाला. वाचनालयासमोर गाडे लागलेले, उंदीर मारायचं औषध विकणारा भोंग्यावर तेच तेच चार शब्द फिरवत होता. बाई पावणेपाचला आल्या. नवी नाही पण ठेवणीतली इरकल नेसल्या होत्या. सही केली, जप्तीच्या खोलीत गेल्या, आणि पत्र्याचं ते जड दार ओढून लावलं.

टॅबवर गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. मग अक्षरं आली की जोडणी तुटली आहे.

बाईंनी दार उघडलं. जोडणी आली. लावलं, गेली. अर्धवट लावून बघितलं, तेव्हा पडद्यावर परीक्षा घेणाऱ्या बाईंचा चेहरा उमटला आणि तोंड उघडं असतानाच थिजला. निजामाच्या कारागिरानं पत्रा असा ठोकला होता की जप्तीच्या खोलीतून काही बाहेर जाऊ नये, आणि तो आतही काही येऊ देत नव्हता. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. बाईंनी दार सताड उघडलं आणि स्टुलावर येऊन बसल्या. दारातून समोर सगळं दालन दिसत होतं, खाली घातलेल्या माना दिसत होत्या.

परीक्षा घेणाऱ्या बाईंचं नाव अस्मिता. चाळिशीच्या, चष्म्याच्या, बोलायला नीटस. त्यांनी नियम सांगितला. पान पडद्यावर येईल, पंधरा मिनिटं मिळतील, जसं आहे तसं वाचायचं, सगळं ध्वनिमुद्रित होईल. मग पान आलं.

पानाकडं पाहताच बाईंचा जीव भांड्यात पडला. लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा वाटावा इतका सरळ होता. बैलांची यादी होती. किल्ल्यावरच्या तोफा ओढायला गावोगावहून आणलेले बैल. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“बाई, आवाज येत नाही,” अस्मिता म्हणाल्या.

आवाज कुठून येणार? एकतीस वर्षांची सवय. समोर माना खाली घातलेल्या दिसल्या की बाईंचा गळा आपोआप बंद व्हायचा. दालनात त्या उत्तरेश्वरशीसुद्धा ओठांच्या हालचालीनं बोलायच्या. त्यांनी टॅब तोंडाजवळ घेतला आणि पुन्हा वाचलं. आता पुटपुटणं ऐकू आलं असावं, कारण अस्मितांनी कान पुढं केला आणि थोडं मोठ्यानं, अशी विनंती केली.

पण खरी अडचण पुढंच होती. बाईंना स्वतःलाच वाचता येईना.

मोडीत शब्द तोडलेले नसतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, मध्ये जागा नाही, विराम नाही. शब्द कुठं संपला ते डोळ्याला दिसत नाही. तोंडानं म्हटलं की कानाला कळतं. वडील याचसाठी मोठ्यानं वाचायला लावायचे. पोरीचा आवाज पडला की बोरूनं पाटीवर टकटक करायचे. घरी गेल्या आठवड्यात बाईंनी सराव केला तोही स्वयंपाकघरात, भिंती ऐकतील इतक्या आवाजात. आणि आता पुटपुटताना अक्षरं नुसती अक्षरंच राहत होती. सोनारी गावाच्या नावातला ‘री’ पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला. लिंबाजीचे दोन तुकडे झाले. जी ओळ त्यांनी झोपेत वाचली असती तिच्यावर त्या तिसऱ्यांदा अडखळल्या.

“राजेश्वरीबाई,” अस्मिता म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता थोडी कीव होती, “पाच मिनिटं गेली. असंच राहिलं तर मला ‘वाचन झालं नाही’ असं लिहावं लागेल.”

ती कीव बाईंना लागली. आणि तिच्या मागोमाग, त्याच घटकेला, दुसरी एक गोष्ट लागली. मनात वाचलं की कळत नाही. हे वाक्य त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यावर काय केलं होतं, ते आठवायला वेळ लागला नाही.

“एक मिनिट द्या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी टॅब उचलला. कोशाचे खंड तिथंच राहू दिले. दारातून बाहेर आल्या, दालनाच्या मधून चालत गेल्या आणि रस्त्याकडच्या खिडकीखालच्या टेबलाशी बसल्या. राउटर तिथंच वर भिंतीला होता. अठरा माना वर झाल्या. आपल्या खुर्चीवरून उत्तरेश्वर उठून उभा राहिला.

“बाळांनो,” बाई म्हणाल्या, आणि दालनात तो आवाज इतका मोठा वाटला की त्या स्वतःच दचकल्या, “दहा मिनिटं मी इथं मोठ्यानं वाचणार आहे. न बोलण्याचा नियम मीच केला होता, आज मीच मोडतेय. कोणाला चालत नसेल तर आत्ता सांगावं.”

मग खिडकीच्या गजांपाशी बाहेरून एक पांढरा पटका आला.

“मला चालतंय,” गुंडप्पा म्हणाले.

एक-दोन पोरं हसली. बाईंनी खिडकीकडं पाहिलं नाही. पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि वाचायला लागल्या.

“यादी बैल, तोफखान्याकडील, किल्ले परंडा. मौजे सोनारी, आसामी लिंबाजी, बैल रास एक, रंग ढवळा, वय चौसा, शिंगे मागे वळलेली, नाकी वेसण दोरीची. आसामी बब्रुवान, बैल रास एक, रंग पवळा, वय चौसा, डावे शिंग मोडके…”

शब्द पटापटा सुटे झाले. सर तुटून मणी घरंगळावेत तसे. बाईंचा आवाज पहिल्या चार ओळींनंतर स्थिरावला. रंग, वय, शिंगं, वेसण; रंग, वय, शिंगं, वेसण; त्याला एक चाल होती, लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताची चाल, आणि बाई त्या चालीत चालायला लागल्या. बाहेरचा भोंगा त्यांना ऐकू येईनासा झाला. सोनारी झालं, पुढचं गाव आलं. वय चौसा, वय चौसा, वय चौसा. तोफेला चार दाती बैलच घेत असणार, कोवळाही नाही आणि उतरलेलाही नाही. मोडी आकडे आले, ते त्यांनी न थांबता घेतले. पान सरत आलं.

“आसामी बाबूराव, बैल रास एक, रंग कोसा, वय…”

आणि बाई थांबल्या.

जिभेवर शब्द तयार होता. वरच्या अकरा ओळींनी तो आणून ठेवला होता, चाल मोडायची नसेल तर तोच म्हणायचा. पण कागदावर तो नव्हता. तिथं कसरीनं खाल्लेलं भोक होतं, चांगलं करंगळीच्या नखाएवढं. फोटोत ते काळं दिसत होतं आणि घाईत शाईसारखं वाटत होतं.

सगळं दालन ऐकत होतं. पुस्तकं उघडी होती पण नजरा बाईंवर होत्या. इतका वेळ ओढ्यासारखं वाहणारं वाचन थांबलं की माणसाला वाटतं, बाई अडल्या.

“इथं कागद गेला आहे,” बाई म्हणाल्या. “अक्षर नाही. मी इथं ठिपके देते. पुढं, शिंगे वीतभर, नाकी वेसण नवी घातली.”

“वर सगळीकडं चौसा आहे,” अस्मिता सहज बोलल्यासारखं म्हणाल्या. “इथंही तेच असेल, नाही का?”

“असेल. पण कागदावर नाही. नसलेलं मी वाचणार नाही.”

“चौसा कुठला वो?” खिडकीतून आवाज आला. “नवी वेसण म्हणल्यावर चौसा कसा असंल? त्यो आदत असणार, न्हायतर दुसा. फार तर दुसा.”

अस्मितांनी मान वर केली. मागून कोण बोललं, असं विचारलं. बाईंची कानशिलं तापली; परीक्षेत दुसऱ्याचं उत्तर आलं होतं, तेही ध्वनिमुद्रणात.

“आमचे एक वाचक आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांचं बोलणं माझ्या वाचनात धरू नका. माझे तिथं ठिपकेच आहेत.”

“ठिपके लिहिले मी. पण ते असं का म्हणाले, विचाराल का?”

तेव्हा बाई खिडकीकडं वळल्या. गजांच्या पलीकडं गुंडप्पा दोन्ही हातांनी गज धरून उभे होते, आणि पंचविशीत बाजारात उभे राहत असतील तसे ताठ.

“सांगा, गुंडप्पा.”

गुंडप्पांनी आधी घसा साफ केला. मग सांगितलं की खोंडाला पहिली वेसण घालतात ती दात पडायच्या सुमाराला. दुधाचे दात शाबूत असले तर आदत, दोन पडून पक्के आले तर दुसा, चार आले तर चौसा. चार दातांच्या बैलाची वेसण जुनी होऊन दोनदा बदललेली असते, ती नवी घातली असं कोण लिहील? आणि शिंगं वीतभर. कोसा खिलार चौसा झाला की त्याची शिंगं हातभर होतात. हा बाबूराव कोण होता ठाऊक नाही, पण त्याच्याकडं बैल नव्हता म्हणून त्यानं खोंड देऊन भागवलं, आणि कारकुनानं ते बरोबर पकडलं. एवढं सगळं त्यांनी एका दमात, ठणठणीत आवाजात सांगितलं, आणि दालनात कोणी ‘हळू’ म्हणालं नाही.

“मी समासात लिहिते,” बाई टॅबकडं वळून म्हणाल्या. “मूळ कागद खाल्लेला, जाणकाराच्या मते आदत किंवा दुसा, कारण वेसण नवी. चालेल का?”

अस्मितांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या की आतापर्यंत चौघांनी हे पान वाचलं, चौघांनीही तिथं न थांबता चौसा म्हटलं, आणि दोघांना तर भोक दिसलंसुद्धा नव्हतं. निकाल नियमाप्रमाणे मेलवरच कळेल, त्याबद्दल आत्ता काही बोलता येणार नाही. हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“तुमच्याकडं नेट रोज असंच राहील ना? पानं बरीच आहेत.”

“वाचनालय उघडं आहे तोवर राहील,” बाई म्हणाल्या, आणि वाचनालय बंद पडणार नाही हे जणू त्यांच्याच हातात असल्यासारख्या म्हणाल्या.

पडदा बंद झाला. बाईंनी दालनाकडं पाहून मान हलवली, म्हणजे झालं, आता वाचा. माना पुन्हा खाली गेल्या. उत्तरेश्वर चहा सांगू का म्हणून विचारायला आला. बाईंनी आधी नोंदवहीत जाण्याची वेळ लिहिली.

मेल तिसऱ्या दिवशी आला. यादीत नाव होतं, आणि पहिली शंभर पानं सोबत होती, सगळी याच भागातली.

सोमवारी चार वाजता बाई वाचनालयात गेल्या त्या थेट वट्ट्यावर. गुंडप्पा पहिल्या पानाची घडी सरळ करत होते. बाई उभ्याच राहिल्या. काय बोलायचं ते त्यांनी घरून जुळवून आणलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं एकही वाक्य नीट वाटेना.

“गुंडप्पा,” त्या म्हणाल्या, “मला मोडी मनात वाचता येत नाही.”

“व्हय?”

“व्हय.”

गुंडप्पांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. त्यांना काहीतरी जोरदार बोलायचं होतं, वीस वर्षं साठवलेलं; ते ओठांपर्यंत आलेलं बाईंना दिसलं. पण ते एवढंच म्हणाले, “मग लई वरसं लागली तुमाला कळायला.”

बाईंनी ते घेतलं. मग त्यांना आत बसायला सांगितलं. उत्तरेश्वरशी बोलून ठेवलं होतं, खिडकीखालचं टेबल त्यांच्यासाठी ठेवू, पोरंही काही म्हणणार नाहीत.

“आत?” गुंडप्पा म्हणाले. “आत कशाला? आत वारं न्हाय, माणूस दिसत न्हाय. आन ती पोरं बिचारी घोकत्यात, त्यांच्या कानाशी मी कशाला वरडू? हितं बेस हाय मला.”

मग बाईंनीच आतून दुसरी खुर्ची आणली. वायफाय खिडकीतून वट्ट्यावर चांगलं येत होतं, घरापेक्षा शंभरपट चांगलं. टॅब उघडला, पहिलं पान काढलं. तेही बैलांचंच होतं, त्या यादीचा पुढचा भाग. कोपऱ्यात पुन्हा कसरीची भोकं. बाईंनी चष्मा चढवला आणि तोंड उघडलं.

गुंडप्पांनी हात आडवा धरला.

“थांबा. दोघांनी एकदम वाचलं तर एकाचंबी कळायचं न्हाय. आधी पेपर. मग तुमचे बैल.”

बाई थांबल्या. गुंडप्पांनी ओळीवर बोट ठेवलं आणि पहिली बातमी सुरू केली, मथळ्यापासून, वार्ताहराच्या नावासकट. बाईंना ती सकाळीच घरी वाचून माहीत होती. तरी त्या टॅब मांडीवर धरून ऐकत राहिल्या, पहिलं पान, मग दुसरं, मग बाजारभाव, आणि हवामान संपेपर्यंत मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत.